वखारीतलं हायस्कूल

बैलांच्या दमणीतून उतरले आणि आधी पदर नाकाला लावला. हे समोर उभे होते, नवी पगडी घालून, हेडमास्तर झाल्याच्या आनंदात. "ही आपली शाळा," म्हणाले. मी पाहिलं तर लांबच लांब एक वखार. मातीच्या भिंती, वर कौलं, आणि आतून ओल्या गोधडीत शिळं वरण बांधून ठेवावं तसा वास.

मी साताऱ्याकडची. लग्नानंतर काही वर्षं सासरी काढली, आणि यांना वऱ्हाडात इंग्रजी शाळेवर जागा मिळाली म्हणून मागून आले. भुसावळपर्यंत आगगाडी, पुढे बैलं. गाव अकोला आणि अमरावती यांच्या मधलं. नाव सांगत नाही. तिथली माणसं अजून नांदताहेत. अमेरिकेत कुठेतरी लढाई जुंपली होती, विलायतेच्या गिरण्यांना तिकडचा कापूस मिळेना, आणि म्हणून आमच्या या चिखलाच्या गावात बैलांच्या शिंगांना चांदीच्या शेंब्या चढल्या होत्या. वाटेवरच्या बाभळींना गाड्यांतून निसटलेला कापूस लोंबत होता. येताना मला तो बरा वाटला होता. पुढे तोच कापूस आमटीत, दुधाच्या भांड्यात आणि झोपताना नाकात निघायला लागला, तेव्हा त्याचं कौतुक ओसरलं.

शाळा कशी झाली ते सांगते. सरकार म्हणालं, गावाने जागा द्यावी, मास्तर आम्ही देऊ. गावात कापसाचा एक आडतदार होता. आधी दुसऱ्याच्या गाड्या हाकायचा. चार हंगामांत स्वतःच्या वखारी झाल्या. जुनी वखार त्याला लहान पडायला लागली होती, ती त्याने शाळेला दिली. दिली म्हणजे काय, तर दारावर दगडात आपलं नाव कोरून घेतलं आणि कुलपाची किल्ली स्वतःच्या कंबरेला ठेवली. शाळेच्या कमिटीचा अध्यक्षही तोच. गावात सगळे म्हणायचे, "आपल्या गावाले हायस्कूल आलं." अमरावतीला झालं, अकोल्याला झालं, मग आपण काय मेलो होतो का, असा एकूण आवेश.

या हायस्कुलात काय काय होतं? मधल्या दालनात झुंबर होतं, मुंबईहून गवतात गुंडाळून आणलेलं. त्याच्या लोलकांवर कापसाची भुकटी बसून ते मेंढीसारखं दिसायचं. पृथ्वीचा गोल होता. भिंतीवर राणीची तसबीर होती. मुलांना बसायला तरट होतं, तेही कापसाच्या गासड्यांवरून सोडवलेलं. शौचकूप नव्हता. मुलं मागच्या भिंतीआड जायची, आणि त्याच भिंतीला लागून आम्हाला राहायला दिलेल्या दोन खोल्या. माझी चूल जिथे होती तिथली खिडकी मी आल्या दिवशी लावली ती तिथून निघेपर्यंत उघडली नाही. उन्हाळ्यात धुराने डोळे चुरचुरायचे, पण धूर परवडला.

यांनी शौचकुपाचा विषय कमिटीत काढला. आडतदार हसला.

"मास्तर, पोट्टे शाळेत शिकाले येते का हागाले येते?"

सगळी कमिटी हसली. घरी येऊन हेही हसत हसत मला सांगू लागले. मी ताटावरून उठले.

शाळेच्या अंगणात एक विहीर होती. पहिल्याच दिवशी मी घागर घेऊन निघाले तर शेजारच्या मळ्यातली पाटलीण कुंपणापाशी आली. धिप्पाड बाई, हाताला चुना-तंबाखू. तिकडे बायकाही 'मी येतो, मी जातो' असंच म्हणतात. मला आधी ते ऐकून गंमत वाटायची.

"बाई, ते पाणी नोको नेऊ," ती म्हणाली. "आमी ढोरायले बी नाई पाजत ते."

"का हो? काय झालं त्याला?"

"काहून म्हणजे? पाय ना वाकून."

मी वाकून पाहिलं. कडेला सरकीचा ढीग लागलेला, तो कुजून त्याचं काळं पाणी दगडांच्या फटींतून विहिरीत झिरपत होतं. वर तेलासारखा तवंग आणि त्यात कापसाचे पुंजके, भिजलेल्या पिसांसारखे. एक उंदीर पोट फुगून तरंगत होता.

"माह्या मळ्यातलं ने," पाटलीण म्हणाली. "पण दोन घागरी. जास्तीचं माह्याच मिरच्याले पुरत नाई."

त्या दोन घागरींतली एक मी शाळेच्या मुलांसाठी ठेवायची. पण एका घागरीने शाळा काय भागणार? मधली सुट्टी व्हायच्या आत ती पालथी व्हायची आणि मुलं दोर घेऊन विहिरीवर जायची. यांना मी रोज सांगायची. हे म्हणायचे, "बोललो आहे." एकदा खरंच बोलले. त्यावर आडतदाराचं उत्तर, "पाण्याले काय धाड भरली? त्याच इहिरीवर मोठा झालो मी." मोठा मात्र झाला होता. पोट जिभेच्या पुढे चालायचं.

शाळेत एक फारसी शिकवणारे मौलवी होते. बाळापूरकडचे, वयाने यांच्यापेक्षा बरेच मोठे. बोलता बोलता वऱ्हाडीतून उर्दूत आणि उर्दूतून वऱ्हाडीत जायचे. ते आपलं पाणी घरून सुरईतून आणायचे आणि आपल्या वर्गातल्या मुलांना पेल्याने द्यायचे. ज्यांना चालायचं ते घ्यायचे. हे दृश्य पाहूनही कमिटीतल्या एकालाही काही वाटलं नाही. उलट 'मौलवी मुलं बाटवतो' अशी कुजबुज मात्र झाली.

कापसाचा हंगाम सुरू झाला आणि एके सकाळी आडतदाराने किल्ली पाठवली नाही. मुलं दारात जमलेली, मास्तर दारात उभे. थोड्या वेळाने स्वतःच आला.

"मास्तर, थोडे दिवस पोट्ट्यायले बाहेर बसवा. वखारी भरल्या माह्या. माल कुठं टाकू?"

"पण ही शाळा आहे," हे म्हणाले.

"मंग? शाळा कुठं पळून चालली? कापूस पळते, भाव पळते."

त्या दिवसापासून झुंबराखाली कापूस आणि ओसरीवर हायस्कूल. ओसरीत तीन वर्ग एकमेकांच्या अंगावर. भूगोल, फारसी आणि बेरजा एकत्र कालवून ऐकू यायच्या. समोर अंगणात माणसं कापूस पसरायची आणि विहिरीतलं पाणी शिंपडायची, वर तुडवायची, मधूनच टोपल्याने धूळ आणि सरकी टाकायची. मी आधी समजले, धूळ बसावी म्हणून पाणी मारत असतील. पाटलीणबाई पोट धरून हसली. "वजन वाढवून राहिले, बाई! साह्यबाच्या देशात आपल्या गावचं पाणी चाललं."

मुलं हे सगळं बघत होती. ओसरीवर खरं बोलावं, लबाडी करू नये असा धडा चालायचा, आणि समोर लबाडी पायाने तुडवली जायची. हे मुलांना म्हणायचे, पुस्तकात बघा.

ओला कापूस दालनात रचला. दोन-चार दिवसांत त्याला वाफ सुटली. भिंतीला हात लावला तर ऊन लागायचं, आजारी माणसाच्या अंगासारखं. आमच्या खोलीत लहान पांढऱ्या अळ्या रांगत आल्या. मी झाडून टाकायची, पुन्हा यायच्या. एके दुपारी भात वाढताना एक यांच्या पानाशेजारी पडली. यांनी ती बोटाने दूर केली आणि जेवत राहिले. मला अळीपेक्षा त्या बोटाची किळस आली. हे मी आजवर कुणाला बोलले नाही, पण ते तसंच होतं.

चैत्रात ऊन वाढलं आणि विहीर तळाला गेली. पाणी आता हिरवट काळं आणि जाड झालं होतं. बाहेरगावचे काही मुलगे शाळेच्याच एका पडवीत राहायचे, हाताने रांधून खायचे. त्यांतला एक तीन-चार कोसांवरच्या खेड्यातल्या शेतकऱ्याचा मुलगा. हुशार, उंच, हातपाय लांब लांब. इंग्रजी पाठ म्हणताना डोळे मिटून घ्यायचा. एके दिवशी सकाळची शाळा सुटल्यावर तो ओसरीवर आडवा झाला आणि दुपारी त्याला ढाळ-वांत्या सुरू झाल्या. त्याच्याबरोबर आणखी दोघांना.

मी त्याला माझ्या खोलीत आणवलं. हे दारात घुटमळले. "अगं, पटकी असली तर?"

"मग ती पटकी भिंतीपलीकडे थांबणार आहे का?" मी म्हणाले.

मौलवी आले. बाह्या वर करून मुलाला उचलून धरलं. मी मळ्यातलं पाणी चमच्याने देत होते, ते दिलं तसं बाहेर येत होतं. खोलीत वासाने उभं राहवेना. मुलाला आपल्या अवस्थेची लाज वाटत होती. माझ्याकडे न बघता म्हणायचा, "बाई, तुमी जा ना. तुमी जा." त्याच्या ओठांवर माशा बसत होत्या. भिंतीपलीकडे कापूस भरणाऱ्यांची गाणी चालू होती.

निरोप पोचताच संध्याकाळच्या आत त्याचा बाप गाडी घेऊन आला. घरी नेतो म्हणाला, ऐकेना. मौलवींनी गाडीत पेंढ्यावर आपली चादर घातली. दुसऱ्या दिवशी निरोप आला, वाटेतच गेला. बाकीचे दोघे वाचले.

यांनी शाळेला एक दिवस सुट्टी दिली. आडतदाराने निरोप पाठवला, "फार वाईट झालं. हवाच खराब आहे यंदा."

हवा! त्या शब्दाने माझ्या जिभेवर कडू आलं.

त्याच महिन्यात आडतदाराला मानपत्र द्यायचं ठरलं होतं. जिल्ह्याचा साहेब येणार, म्हणून दालनातला कापूस हलवला, भिंतींना चुना मारला, झुंबर धुतलं. वास जाईना म्हणून ऊद जाळला, गुलाबपाणी शिंपडलं. त्याने जे झालं ते आधीपेक्षा वाईट. जणू मेलेल्याला अत्तर लावलं होतं. मानपत्र यांनीच लिहिलं. खोलीत येरझाऱ्या घालत पाठ करत होते. "गावात ज्ञानगंगा आणणारे भगीरथ."

"गंगा म्हणू नका," मी म्हणाले.

"अगं, रूपक आहे ते."

"मुलगा त्याच गंगेचं पाणी पिऊन गेला."

यांनी हातातला कागद खाली केला. मग म्हणाले, "तुला कळत नाही. साहेब खूश झाला तर पक्की इमारत मिळेल. एवढी एक दुपार निभावून नेऊ दे." आणि पुन्हा भगीरथापासून सुरू केलं.

समारंभाला मला पन्हं करायचं काम दिलं होतं. केलं, पाटलिणीच्या मळ्यातल्या पाण्याचं, तिच्याच कैऱ्यांचं. दालनात माणसं दाटली. साहेब खुर्चीवर, शेजारी आडतदार जरीच्या फेट्यात, घाम पुसत. मुलं भिंतीशी उभी. यांनी मानपत्र वाचलं. भगीरथ आला तेव्हा कमिटीने टाळ्या वाजवल्या. मी दाराआड उभी होते. मुलांच्या रांगेत त्या वाचलेल्या दोघांपैकी एक दिसला. गालफडं बसलेली, टाळी वाजवत होता, कारण सगळे वाजवत होते.

पन्ह्याचं तबक माझ्या हातात होतं. ते मी खाली ठेवलं. अंगणात गेले, विहिरीतून पोहरा वर काढला आणि तांब्या भरला. धुतलेल्या चकचकीत तांब्यात ते पाणी आणखीच वाईट दिसत होतं. तशीच दालनात शिरले. चांगल्या घरच्या बाईने अशा सभेत पाऊल टाकायचं नसतं, हे मला पक्कं ठाऊक होतं.

मी तांब्या आडतदारासमोर ठेवला. "तुमच्या विहिरीचं पाणी आहे. मुलं हेच पितात. आधी तुम्ही घ्या."

त्याने तांब्यात पाहिलं आणि मान मागे घेतली. वास पोचला असावा. "हे काय, मास्तर?" एवढंच म्हणाला.

साहेबाने यांच्याकडे पाहून इंग्रजीत विचारलं. मला इंग्रजी येत नव्हतं, पण काय विचारलं ते कळायला इंग्रजी लागत नव्हतं. हे उभे राहिले. यांच्या कपाळावर घाम होता. हसले. काहीतरी बोलले. साहेबाने माझ्याकडे बघून मान लववली आणि तोही हसला. मागे उभ्या असलेल्या वरच्या वर्गातल्या एका मुलाने मान खाली घातली. त्याच्या मान खाली घालण्यावरून मला कळलं, यांनी माझं बोलणं फिरवलं. पुढे त्यानेच मला सांगितलं. हे साहेबाला म्हणाले होते, 'आमच्याकडे घरची स्त्री पाहुण्याला पाणी देऊन आशीर्वाद देते.'

मी तिथेच उभी राहिले.

मग मौलवी उठले. शाळेत राहून त्यांना कामापुरती इंग्रजी कळायची. सलाम केला. साहेबाला हिंदुस्थानी चांगली समजायची.

"साहब, बाईने यह नहीं कहा। बाईने कहा, बच्चे यही पानी पीते हैं, पहले सेठ पीकर दिखाएँ। इसी महीने एक लड़का मर गया, साहब।"

साहेबाने तांब्या उचलून नाकाशी नेला आणि चटकन खाली ठेवला. खिशातून रुमाल काढला. मग उठून अंगणात गेला, सगळी सभा त्याच्या मागे. विहिरीत वाकून पाहिलं, भिंतीआड जाऊन पाहिलं, तिथून फार लवकर परत आला. आडतदार सांगत होता, "हुजूर, उद्याच्या उद्या साफ करतो." विहीर उपसायचा हुकूम झाला. पन्हं कुणी प्यालं नाही. संध्याकाळी मी आणि पाटलिणीने मुलांना वाटलं.

विहीर उपसली तेव्हा सगळं गाव बघायला जमलं. काय काय निघालं! कुजलेल्या कापसाचे काळे गोळे, फुटकी टोपली, सरकीचा हातभर गाळ, घुशी, आणि एक कुत्र्याचं पिल्लू, जे किती दिवसांचं होतं ते देव जाणे. पाटलीण माझ्या शेजारी उभी होती. तिने तंबाखू थुंकली आणि मळ्यात निघून गेली. मुलगा तर हे सगळं पिऊन गेला होता.

आडतदाराचं नुकसान काही झालं नाही. विहिरीला त्याने चिरेबंदी काठ बांधला आणि त्यावरही आपलं नाव कोरून घेतलं. मौलवींचं झालं. पुढल्या सत्रात कमिटीने ठरवलं की फारसीचे विद्यार्थी कमी आहेत, वर्ग चालवायची गरज नाही. ते निरोप घ्यायला आले तेव्हा मी ओसरीवर धान्य निवडत होते.

"मौलवीसाहेब, माझ्यामुळे तुमची जागा गेली," मी म्हणाले.

"नाई, बाईसाब. जुबान माही होती," ते म्हणाले. "खुदा हाफिज." बाळापूरला जाऊन त्यांनी स्वतःचा लहानसा मकतब, म्हणजे मुलांची घरगुती शाळा, काढला, असं नंतर कानावर आलं. बरं चाललं होतं म्हणे.

यांच्याशी मी कित्येक दिवस बोलले नाही. वाढायची, भांडी घासायची, झोपायची. शेवटी एका सकाळी यांनीच विषय काढला.

"माझा नाइलाज होता. खरं सांगितलं असतं तर शाळा बंद पडली असती."

"खरं सांगितलंच ना कुणीतरी," मी म्हणाले. "बंद पडली का?"

यावर यांनी उपरणं उचललं आणि शाळेत गेले.

पुढे अमेरिकेतली लढाई थांबली. कापसाचा भाव असा बसला की गावात दोन दिवस कुणी कुणाच्या तोंडाकडे बघत नव्हतं. आडतदार वखारी विकून कुठे गेला ते नीट कळलं नाही. शाळा मात्र टिकली. सरकारी पैशांतून गावाबाहेर पक्की इमारत झाली, हवेशीर, मागे आडोशाचे शौचकूप, स्वतंत्र विहीर. ती पूर्ण व्हायच्या आत यांची बदली अमरावतीला झाली. तिथे यांचं नाव झालं. यांचे विद्यार्थी वकील झाले, मामलेदार झाले, दिवाळीला पाया पडायला यायचे.

असेच एकदा काही जण बैठकीत बसले होते. केस पिकलेले हे मधोमध. मी आत पानाचे विडे करत होते. कुणीतरी म्हणालं, "सर, त्या जुन्या शाळेचं सांगा ना." आणि यांनी सांगायला सुरुवात केली. वखार सांगितली, झुंबर सांगितलं, गेलेला मुलगा सांगितला. सांगताना आवाज भरून आला होता, आणि तो खोटा नव्हता. मग म्हणाले, "भर सभेत मी उठलो. साहेबाला स्पष्ट इंग्रजीत सांगितलं की हे पाणी आधी तुमचे शेठजी पिऊन दाखवतील काय? त्या दिवसापासून विहीर साफ झाली."

बैठकीत "वा, सर, वा!" झालं.

मी पडद्याच्या फटीतून यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं. खोटं बोलणाऱ्याचा चेहरा मला ओळखता येतो. वर्षानुवर्षं पाहिलेला होता. तो तसा नव्हता. यांना तसंच आठवत होतं. मौलवी त्यात नव्हते, मीही नव्हते. बाहेरून हाक आली, "अगं, विडे झाले का?"

तबक मी मोलकरणीच्या हातात दिलं आणि मागच्या दाराने अंगणात जाऊन चूळ भरली.